बाईसाहेबांची खळ

४ मार्च
“चिकटवलेली पानं उघडायची नाहीत. मोठी झालीस की बघू!” – आई म्हणाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरात आलेलं पुस्तक आधी ती वाचायची. नको ते पान आलं की मैद्याची खळ लावून पुढच्या पानाला चिकटवायची, मग पुस्तक माझ्या हातात. ती बाहेर गेली की मी ते पान किटलीच्या वाफेवर धरून सोडवायची. वाचनाची गोडी लागली ती अशी!

आज माझी कादंबरी लिहून संपवली. तिच्यातल्या राज्यात पुस्तकं जाळत नाहीत, पानं चिकटवतात. त्या खात्याच्या प्रमुख – बाईसाहेब. कडक, कोरड्या, बोटांना कायम खळीचा वास. त्या कोणावरून सुचल्या, हे आईला सांगायची माझी छाती नाही.

७ मार्च
नवऱ्याने वाचली. आज जेवताना म्हणाला, “कादंबरीतला तो चुगलखोर शेजारी घोरतो. मी घोरतो म्हणून?”
म्हटलं, अरे, तो गाफील समाजाचं प्रतीक आहे.
“प्रतीक घोरेना का! पण डाव्या कुशीवरच का?”

९ मार्च
प्रकाशकांचा फोन. “ताई, खळ म्हणजे काय जबरदस्त प्रतीक! सत्तेचा चिकटपणा! मौनाचा पांढरा रंग!” मी हो हो म्हटलं. मैदा आणि पाणी – पण असो.
“बाईसाहेबांना मात्र आणखी दुष्ट करा. वाचकाला दया येता कामा नये.”
केलं. खळ इतकी दाट केली की शेवटी नायिका पान सोडवायला जाते आणि ते फाटतंच. प्रकाशक खूश.

१४ मार्च
आई राहायला आलीय. आणि टेबलावरची कादंबरीची प्रत गायब!
सापडली. आईच्या उशाशी, मध्ये चष्मा खुणेला. नवरा म्हणाला, “आता पानं चिकटून परत येणार.” आणि वळला डाव्या कुशीवर.

१५ मार्च
स्वयंपाकघरात आईची भांडी जरा जोरात आपटतायत. की मलाच तसं वाटतंय?

१६ मार्च
कादंबरी छापखान्यात गेली.

१७ मार्च
सकाळी चहा ओतता ओतता आई म्हणाली, “ती बाई मीच ना?”
मी घाईने बिस्किटांचा डबा उघडायला घेतला.
“असू दे गं. झकास उतरलीय. पण खळ एवढी दाट कशाला?”
“आई, ते प्रतीक –”
“चुलीत गेलं तुझं प्रतीक! मला काय दाट खळ करता येत नव्हती? तुझ्या वह्यांची कव्हरं निघाली कधी? तुझी आजी समोर बसून विचारायची – चिकटवलंस का? मग चिकटवणं भाग होतं. म्हणून मी मुद्दाम पातळ करायची, नुसती कडेला. आणि बाहेर जाताना किटली भरून शेगडीवर ठेवायची. ती काय आपोआप भरत होती?”

१८ मार्च
प्रकाशकांना फोन लावतेय. नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. तरी विचारते – छपाई थांबवाल का? बाईसाहेबांची खळ जरा पातळ करायचीय, आणि त्या बाहेर पडतात तिथे शेगडीवर एक भरलेली किटली ठेवायचीय.