आमच्या तुकडीचा मेडिक

४ मार्च
आजपासून रजा. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. फिजिओबाई बजावून गेल्या, सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन चालवा, नाहीतर पाय आखडेल. ताई म्हणाली, तुला जमायचं नाही, बाबांना मी माझ्याकडे नेते. बाबांना घर सोडायचं नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, महिनाअखेर बाबा जिना उतरतील. नाही उतरले तर ने.
वेळ जावा म्हणून महायुद्धाचा एक गेम डाउनलोड केला. खेळायचा फक्त बाबा झोपल्यावर.

६ मार्च
सकाळी बाबांना अर्धी खोली चालवलं. दोघेही दमलो. मी जरा जास्तच.
गेममध्ये मेडिक झालो. गोळ्या घालण्यापेक्षा पडलेल्याला उठवणं माझ्या स्वभावाला धरून आहे. जखमीजवळ जायचं, बटण दाबून धरायचं. माणूस उभा.

९ मार्च, संध्याकाळ
गेममधली आमची तुकडी ऑनलाइन पाचला जमते. बाबांच्या चालण्याची वेळही पाचच. चालणं सहावर ढकललं. सहाला पुलाची लढाई ऐन रंगात. मेडिकच उठून गेला तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? उद्या सकाळी दोन्ही वेळचं एकदम चालवीन.

१० मार्च
उठायला उशीर झाला. विश्रांतीही उपचारच असतो.

१३ मार्च
बाबा खाटेवरून गेम बघत होते. आपण कोणाच्या बाजूने, म्हणाले. म्हटलं, ते आलटूनपालटून असतं. मी उठवलेला शिपाई पळत सुटला. इतक्यात बरा झाला का, म्हणाले. म्हटलं, मेडिक चांगला लागतो. बाबा म्हणाले, आवाज कमी कर.
हेडफोन आणले. आता दोघांनाही शांतता.

१६ मार्च
ताईचा फोन. प्रगती कशी आहे, म्हणाली. उत्तम म्हणालो. आजच बढती मिळाली होती.

१९ मार्च
तुकडीचा प्रमुख प्रोफाइलच्या फोटोतला एक चष्मेवाला आहे. जन्मात भेटलेलो नाही. त्याने सगळ्यांसमोर मला देवमाणूस म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. उठलो तर पाय बधिर झालेला. तसंच काहीतरी वर डोक्यातही.

२२ मार्च
समोरच्या काकू हल्ली रोज वर्तमानपत्र न्यायला येतात आणि तासभर रेंगाळतात. लोकांना कामं नसतात. वॉकर खिडकीपाशी सापडला. मीच ठेवला असेन.
सोमवारपासून कडक शिस्त.

२७ मार्च
सोमवार गेला.

३० मार्च
ताई गाडी घेऊन आली. म्हणाली, बघू, चालवून दाखव. मी म्हटलं, आज नको, पाय दुखतोय त्यांचा. माझं बोलणं संपायच्या आत बाबा उठले. वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, मग कठडा धरून जिना उतरायला लागले. पायरी, थांबणं, पायरी. काकू शेजारून उतरत होत्या. कुठला पाय आधी टाकायचा ते त्या हळूच सांगत होत्या. त्यांना पाठच होतं.
मी ताईला म्हटलं, बघ, महिनाअखेर म्हणालो होतो. आता बाबा इथेच.
बाबा खालच्या पायरीवर टेकले होते. दम खाऊन म्हणाले, आता चालता येतंय, तर जातो हिच्याकडे.
त्यांची पिशवी मी गाडीत ठेवली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काकूंनी हात केला, म्हणून मीही केला.
वर आलो. रजा अजून शिल्लक आहे. उद्याचं काही ठरवलं नाही.