उजवा मागचा दिवा

गुरुवार, ९ जानेवारी

मी बोलतेय, मेधा लिहितेय. शिकलेली सून आणली त्याचा एवढा तरी उपयोग. काल शीळफाट्याला मेलो नाही, हे सगळ्यात आधी लिही.

ठाण्याहून येत होतो, थोरलीवर. थोरली म्हणजे यांची निळी स्कूटर. माझ्या आधी दोन वर्षं या घरात आली, म्हणून मान तिचा. शीळफाट्याला (पुढे नुसतं शी.फा. लिहिते. — मे.) डोंबिवलीसाठी डावीकडे वळायचं. यांनी दिवा दिला उजवा आणि वळले डावीकडे. मागचा ट्रेलर समजला, हे म्हातारं उजवीकडे चाललंय, आणि डाव्या अंगाने पुढे आला. त्याचं चाक माझ्या गुडघ्यापासून वीतभर. साडीवर अजून काळा पट्टा आहे. धुतला नाही.

घरी येऊन म्हणतात, "फ्लॅशर बिघडलाय. मी डावाच दिला होता."

मी मागे बसले होते. बटणावरचा अंगठा पाहिलाय मी.


शुक्रवार, १०

सकाळपासून खाली पार्किंगमध्ये तपासणी. हे सीटवर, मी मागे उभी. हे बटण दाबणार, मी ओरडणार, "डावा लागला, उजवा लागला." लग्न झाल्यापासून हेच. स्टेशनजवळ यांची वायरिंगची टपरी होती. मी डबा घेऊन जायची तर आधी कुठल्यातरी रिक्षामागे उभी करायचे, डबा नंतर. माझं सगळं शिक्षण तिथलं. अक्षर एक येत नाही, पण कुठली वायर कुठे जाते ते झोपेत सांगेन.

दोन्ही बाजू छान मिचकतात. टिक टिक टिक. फ्लॅशरला, म्हणजे दिवे मिचकवणाऱ्या डबीला, काहीही झालेलं नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे की."
"आत्ता ठीक आहे. मध्येच जातं, मध्येच येतं. असला बिघाड सगळ्यात वाईट गं, पकडता येत नाही."

मला दाढीचं आठवलं. मागच्या महिन्यात दाढी करून आले आणि तासाभराने पुन्हा साबण फासून आरशासमोर. मी म्हटलं, कुणाला दाखवायला चाललाय? हसले. मीही हसले तेव्हा.

पुढच्या रविवारी नौपाड्यात वन्संचा ऐंशीवा वाढदिवस. यांनी फोनवर सांगून टाकलं, "ताई, आम्ही दोघं स्कूटरवर येतो." रिक्षाने जाऊ म्हटलं तर, "मी काय पेशंट आहे?" खाडीवरच्या नव्या पुलावरून जा म्हटलं तर तो रस्ता यांना ओळखीचा नाही. म्हणजे पुन्हा शी.फा.


रविवार, १२

मेधा, हे तोंड वाकडं न करता लिहायचं.

दुपारी हे झोपले. मी तुझ्या कपाटातली नखं रंगवायची बाटली घेतली. लाल नाही, ती पाण्यासारखी. आणि यांचा छोटा पेचकस.

चार वर्षांपूर्वी थोरलीला रंग दिला तेव्हा दोन दिवस मागचे दिवे लागेनात. यांनीच दाखवलं होतं: दिव्याची एक वायर स्क्रूखाली पत्र्याला टेकते, ते अर्थिंग. मध्ये रंग आला की वीज परत जाऊ शकत नाही, दिवा मेला. चाकूने खरवडलं, लागला.

मी उलटं केलं. उजव्या मागच्या दिव्याचा स्क्रू काढला, पत्र्याला दोन हात लावले, वायरच्या कडीलाही लावला, फुंकून वाळवला, स्क्रू परत जागेवर. दिसत काही नाही. वास थोडा.

संध्याकाळी यांनी उजवं दाबलं. मागचा मेलेला. पुढचा नुसता पेटून बसला, मिचकेना. एका बल्बवर फ्लॅशरचं पोट भरत नाही.

"बघ! म्हटलं नव्हतं?" असा आनंद झाला त्यांना.

दिवे धड नसताना हे गाडी रस्त्यावर काढत नाहीत. पन्नास वर्षांत कधी नाही. तेवढ्यावर माझी भिस्त.

(आई, हे खरंच लिहून ठेवायचं? — मे.)
ठेव. पोलिसात देणार आहेस का मला?


सोमवार, १३, भोगी

भाकरीला तीळ लावताना एक कान खाली.

बल्ब बदलला. नाही. फ्लॅशरची डबी बदलली, जुनी एक जपून ठेवलेली होती. नाही. बॅटरी चार्ज करून घेतली. नाही. मला समजावत होते, बारा व्होल्टला जोर असतो, थोरलीच्या सहाला नसतो, वाटेत जराशी घाण आली तरी अडतं. म्हटलं, कळलं, म्हाताऱ्याच्या लघवीसारखं. (हे मी लिहिणार नव्हते. — मे.)

पण हे बोलले ना, वाटेत घाण आली तरी अडतं? तोंडाने बोलले. मग हात अर्थिंगकडे का जात नाही? पूर्वी पहिलं तेच बघायचे. दोन मिनिटांचं काम.


बुधवार, १५

कल्याणला जाऊन आले, एकटे, बसने. चार वाजेपर्यंत माझा जीव जिन्यात. दुकानदार म्हणाला म्हणे, "काका, सिक्स व्होल्ट आता म्युझियममध्ये बघा." तरी काहीतरी घेऊन आले. बल्ब.

लावला. डाव्याला लावून बघितला तर लाल निखारा विझताना असतो तेवढाच. मी काढून हातात घेतला. अक्षर येत नाही मला, आकडे येतात. बुडाशी एक आणि दोन.

"अहो, हा बारा आहे."
"बाराच लागतो."
"थोरलीला?"
"मग? तुला काय कळतंय त्यातलं."

हातातली बशी मी खाली ठेवली. कठड्यावर नीट. टपरीवर कुणी सहाला बारा लावला असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता यांनी.

आता माझं असं झालंय की दिवसभर मी गॅलरीतून वाट बघते, यांनी तो स्क्रू काढावा म्हणून. आणि हात जरा तिकडे गेला की घाबरते. सापडलं तर रविवारी निघणार. नाही सापडलं तर...


शुक्रवार, १७

दोन दिवस हँडलचं डोकं उघडं. वायरी बाहेर. जेवायला वर येत नाहीत, मी ताट खाली नेते. आज ताट तसंच परत आलं.

दुपारी त्या वायरींकडे बघत म्हणाले, "मला काही येईनासं झालंय का गं?"

मी नेहमीसारखं बोलून गेले, "आधी तरी काय येत होतं?"

हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, जसं काही खरंच उत्तर मिळालं.

वर आले. भात करपवला.

मेधा म्हणते, आई, सांगून टाका. सांगितलं तर गाडी घेऊन जातील. म्हणते, मग डॉक्टरांकडे नेऊ. कसं नेणार? त्यांच्या मते बिघाड फ्लॅशरमध्ये आहे. माझा सुहास बोटीवर, त्याचा फोन लागेल तेव्हा लागेल. फोनवरून तो तरी काय धरणार बापाला.

ट्रेलर थांबवायला गेले आणि माणूसच थांबवला मी. उद्या सकाळी सांगणार. ठरलं.


शनिवार, १८

सांगायची वेळ आली नाही.

चहा घेऊन खाली गेले तर यांच्या हातात एक लांब वायर. एक टोक उजव्या मागच्या दिव्याच्या बुडाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवलेलं. आणि दिवा मिचकतोय. टिक टिक टिक.

"अर्थिंग," म्हणाले. नुसतं एवढंच.

स्क्रू काढला. नखाने खरवडलं, तर कांद्याचा पापुद्रा निघावा तसा निघाला. नाकाशी धरला. मग माझ्या नखांकडे बघितलं. माझी कसली रंगवलेली असणार.

"हे घरातल्या बाईचं काम आहे. कुणी शिकवलं?"
"तुम्हीच."

इतके हसले, इतके हसले की खोकला लागला. मी पाठ चोळली. खोकला थांबला, हसणंही.

"का?"

मग मी सांगितलं. शी.फा., ट्रेलर, अंगठा. बारा व्होल्टचा बल्बही सांगितला. ऐकून घेतलं. पापुद्रा बोटांत फिरवत होते.

"चल, मागे उभी राहा. दहा वेळा. तू बाजू सांग, मी दाबतो. एकदा जरी चुकलो तरी उद्या रिक्षा. चावी तुझ्याकडे."

उन्हात पुढचा दिवा यांना दिसत नाही. मागचे फक्त मला दिसतात.

डावा म्हटलं, डावा. उजवा, उजवा. उजवा, उजवा. सहा, सात. मला वाटायला लागलं, मीच वेडी. आठव्याला मी म्हटलं डावा.

उजवा मिचकायला लागला.

"बरोबर?" यांनी विचारलं. मान न वळवता. कान लाल झालेले, शाळेत उभं केल्यासारखे.

मी म्हटलं, "बरोबर."

नववा, दहावा बरोबर आले.

"दहापैकी दहा!" सीटवरच टाळी वाजवली. जेवले. दोनदा भात घेतला. वन्संना फोन केला.

मेधा विचारते, आई, का? आठवडाभर मी त्या माणसाला खोट्या बिघाडावर रडवलं. खरा सापडला तेव्हा जीभ वळली नाही. आणखी काय सांगू. पुढचं लिहू नको.


रविवार, १९

लवकर लिही, खाली हॉर्न वाजतोय.

मी बसणार आहे मागे. एकटे जाऊ देण्यापेक्षा बरं. अट घातलीय: शी.फा. आला की मी उजवा खांदा दाबणार, मग दिवा द्यायचा, आणि वर माझा हातही बाहेर. लगेच हो म्हणाले. फारच लगेच. "दाब गं, पण गरज नाही. काल दहापैकी दहा."

ठाण्याला जाताना वळण उजवीकडचं, समोरच्या गाड्यांच्या आडवं. एकच वळण आहे तसं मोठं. दहातलं एक.

मेधा म्हणते, आत्ता खाली जाते आणि मीच सांगते त्यांना. सांग की. मी अडवलेलं नाही तुला. पण पेन खाली ठेवलं नाहीस अजून. ते रुबाबात बसलेत बघ, नवा शर्ट घालून.

पुन्हा हॉर्न.

गेटबाहेर पडून आधी डावीकडे जायचंय. खिडकीत जा आणि कुठला लागतो ते बघ. मला विचारू नको. मी मागे बसलेली असेन.