निशाणी अंगठा

न्हावरे, ता. शिरूर
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय मायाअक्का,

सप्रेम जयभीम.

इकडं सगळं बरं. कांदा लावून झाला. तुझा गुडघा कसा आहे? परवा शिरूरच्या कोर्टाच्या पायऱ्या तू कठडा धरून उतरत होतीस. मी मागंच होतो. वकील बरोबर होते, म्हणून हात दिला नाही.

वकील खूश आहेत. कोर्टात म्हणाले, "दुसरी बाई बसवली हे शाबीत झालं तरी नुकसान कुणाचं? आबा गेल्यावर पुण्यानुमोदनाला बहिणीनं गावासमोर सांगितलंय, माझा हिस्सा सत्यवानाला. तिचं गेलंच काय?" मला हायसं वाटलं. तुझ्या हिश्श्याच्या त्या तुकड्यावर माझं घर उभं आहे, अक्का.

मग जज्जसाहेबांनी तुलाच विचारलं, तुमचं काय नुकसान झालं? तू म्हणालीस, "मला लिव्हता येतं, सायेब. येवढंच म्हणणं हाय." दोघंतिघं हसले. मी मान खाली घातली.

हक्कसोडपत्राच्या दिवशी तुला दौंडहून बोलवायला वेळ नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे. ऐनवेळी तू "थांब जरा" म्हणशील, याची मला धास्ती होती. म्हणून तुझ्या भावजयीला, सीमालाच, तुझ्या नावानं बसवलं. साक्षीदार म्हणून आलेल्या बबनरावांनी "हीच माया" अशी ओळख दिली. सीमाला कुठं लिहिता येतं? कारकुनानं लिहिलं, 'माया, निरक्षर, निशाणी अंगठा.' मी ते वाचलं आणि गप्प बसलो.

तू सातवी झालीस तेव्हा आपल्या आळीत दुसरी मुलगी शाळेत जात नव्हती. चुलीतली राख पसरून, माझं बोट धरून 'स' गिरवून घेतलास तो तूच. त्याच तुला मी सरकारी कागदावर अंगठेबहाद्दर करून ठेवलं.

पुढची तारीख तीन डिसेंबर. "कुणाचं नुकसान नाही," एवढंच बोलायचं, असं वकिलांनी पढवलंय. मी नुकसान झालं म्हणून सांगणार आहे. सीमा म्हणाली, "सोताचं घर पाडायला निघालाव व्हय?" दोन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. घर राहील की जाईल, ठाऊक नाही.

तू माफ करशील असं धरून चाललेलो नाही. एकदा तुला न विचारता तुझ्या मनातलं धरून चाललो, त्याचंच हे झालं.

तू गिरवून घेतलेल्या अक्षरात,
तुझा
सत्यवान