आहे किंवा गेले

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची कागलला. पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी असे चेहरे केले होते, की जणू मला काळ्या पाण्यावर पाठवतायत. गाढव आहेत. इथे हवा छान आहे, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्यात आणि मी ज्याच्या त्याच्या तोंडी 'पावणं' आहे. रिक्षावाला पावणं म्हणतो, दूधवालाही पावणं म्हणतो. माझं नाव स्नेहल आहे, असं दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

खोली धोंडुबाईंच्या घरात माडीवर आहे. सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून मीही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोरचं माणूस बाई की बाप्या एवढंच कळतं. आवाज मात्र असा, की खाली बोलल्या तर वर माझ्या चहाची बशी वाजते. सकाळी निघताना 'जाते हं' म्हटलं, तर अर्ध्या जिन्यातून मला परत वर पिटाळलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं, आणि गेले हा शब्द तर जित्या माणसानं सोताबद्दल तोंडातनं काढूच नये, आई-बापानं शिकिवलं न्हाय व्हय, अशी खरडपट्टी. मुकाट्याने वर गेले, 'येते' म्हणाले आणि मगच मला सोडलं.

कंपनी पंचतारांकित एमआयडीसीत आहे. पंचतारांकित म्हटल्यावर मला वाटलं होतं, दारात कारंजं असेल. आहे ती फौंड्री. पंपाचे भाग ओततात, आणि संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा. ऑफिसचं सगळं धैर्यशील बघतो. माझ्याच वयाचा, मोठ्याने हसणारा. कँटीनचं कूपन मेलवर येतं, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी जुन्या मेलवर माझा पत्ता उघडला. नाव काय दिलं, तर 'पावणं'. मी चिडले, तर म्हणाला, र्‍हाऊ दे की, जाताना पुसू.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम समजून घेतलं. कंपनीचा जुना मेल बंद करून सगळ्यांना नव्यावर न्यायचं आहे. एका दमात नेता येत नाही, म्हणून महिनाभर दोन्ही चालणार. नव्याला एखादं नाव सापडलं नाही, तर तो मेल जुन्याकडे पाठवतो. जुन्यावरून ज्याला हलवलं, त्याचे मेल जुना पुढे नव्याकडे पाठवतो. म्हणजे माणूस कुठेही असला तरी टपाल पोचलं पाहिजे. माझ्या हातचा मळ.

जुना सर्व्हर ओतकामाचे लाकडी नमुने ठेवतात त्या शेडमागच्या खोलीत आहे. तो दत्तोपंत नावाच्या गृहस्थांनी बसवला. ते दोन वर्षांपूर्वी वारले. पंतांनी सगळं मराठीत करून ठेवलंय. प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'आहे' किंवा 'गेले'. 'आहे' असेल तर मेल तिथेच राहतो, 'गेले' असेल तर तो पुढे जातो. मला फार आवडलं. मला हवी होती तीच सोय आयती मिळाली. बरीच नावं आधीपासूनच 'गेले' आहेत, नोकरी सोडून गेलेली असणार. पुढे म्हणजे कुठे, त्या जागी पंतांनी एक पत्ता भरलाय. तो काही उमगत नाही. कशाला हात लावा, म्हणून तो तसाच ठेवला आणि त्याखाली नव्या मेलचा पत्ता जोडला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिले तिघे हलवले. स्टोअरचे हंबीरराव, क्वालिटीचा राजवीर आणि धैर्यशील. धैर्यशील यादीत नव्हता. नवा मेल मोबाईलवर दिसतो म्हणून दोन दिवस मागे लागला होता, मला आधी घे, मला आधी घे. घेतलं. खरं सांगायचं तर त्याने सांगितलं असतं तर मी पंचगंगाही उलटी फिरवली असती. माझं काय चाललंय ते मला कळतंय, आणि मला लाज वाटत नाही.

तिघांच्या नावापुढे 'गेले' लिहिलं आणि तिघांना चाचणीचा मेल टाकला, 'पोचला का?' तिघांचंही उत्तर आलं, 'पोचलो.' लगेच पुण्याला फोन करून साहेबांना मोठ्याने सांगितलं, हंबीरराव गेले, राजवीर गेला, धैर्यशीलही गेला, तिघंही व्यवस्थित. हिशेबातल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग धैर्यशील टेबलावर हात आपटून हसायला लागला आणि सगळेच हसले. हंबीरराव म्हणाले, पोरी, अजून नातवाचं जावळ काढायचं हाय, एवढ्यात धाडू नको.

संध्याकाळी धैर्यशीलने लोणी डोसा खायला नेलं. कोपऱ्यावर सोडताना म्हणाला, येतो गं. पहिल्यांदाच 'गं' म्हणाला.

सोमवार, १० नोव्हेंबर

हंबीरराव रविवारी वारले. जेवून उठले, हात धुवायला वाकले आणि तिथेच पडले. ऑफिसात माझ्याकडे कोणी बघेना. मीच तो आगाऊ फोन केला होता ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मेल उघडला, तर हंबीररावांचं एक उत्तर आलेलं. चाचणीचंच, 'पोचलो.' पण ते शुक्रवारीच आलं होतं. हे दुसरं, आजचं. मेल अडकून उशिराने सुटतात, होतं असं. धैर्यशीलला दाखवलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

राजवीर. काल सकाळी कामावर येताना, उसाच्या ट्रॉलीखाली. ट्रॉली उभी होती म्हणे. उभ्या ट्रॉलीखाली माणूस कसा जातो?

त्याचंही आलं. 'पोचलो.'

धैर्यशीलला जुन्या सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि 'गेले' हा शब्द दाखवला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ह्यो शब्द तू जित्या माणसांना लावलास? नोकरी सोडणाऱ्याचं नाव पंत सरळ पुसून टाकायचे. 'गेले' फक्त मेलेल्यांना. मयत माणसाचं टपाल परत पाठवू नये, त्याच्यामागं धाडावं, असं पंतांचं म्हणणं हुतं. आम्ही म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून दिलं हुतं.

पंतांनी भरलेला तो वरचा पत्ता मी पुसायला बसले. पुसला जात नाही. तिसरं नाव कुणाचं, ते आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. निघताना त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळपासून एकच काम. धैर्यशीलच्या नावापुढचं 'गेले' काढून 'आहे' लिहिते. डोळ्यांदेखत परत 'गेले' होतं. पुन्हा 'आहे'. पुन्हा 'गेले'. पुण्याला फोन केला, सगळं सांगितलं. साहेब हसले आणि पुढचे पन्नास कधी हलवतेस म्हणून विचारलं. त्यांचा मुडदा बसवला.

मग डोकं चालवलं. जुना ऐकत नसेल तर नव्यावरूनच त्याला पुसावं. नवा म्हणेल, इथे नाही, जुन्याकडे जा. म्हणजे तो परत इकडे येईल. पुसला. मला वाटलं, जिंकले.

दुपारी कँटीनमध्ये तो ताटावरून उठला आणि कोसळला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कोल्हापुरात, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांना कळत नाही. श्वास थांबतो, ते धावतात, श्वास सुरू होतो. डोळे उघडतो, काहीतरी बोलायला जातो, परत बुडतो. छातीत काही नाही, डोक्यात काही नाही.

मला कळलंय. बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेय. 'लवकर बरा हो' म्हणून कुणीतरी त्याला टाकलेला मेल फिरतोय. नवा म्हणतो इथे नाही, जुन्याकडे. जुना म्हणतो गेले, पुढे. नवा म्हणतो इथे नाही. प्रत्येक फेरीला मेलवर एक शिक्का वाढतो. इकडे मेल नव्याकडे गेला की आत यंत्र कोकलतं. जुन्याकडे आला की श्वास येतो. त्याला इकडेही जागा नाही, तिकडेही नाही. हे मी केलं. त्याला वाचवायला केलं.

त्याला आता नव्यावर परत घेतलं तर फिरणं थांबेल, आणि तो त्या दोघांसारखा पोचेल. म्हणजे तो जाईल. नाही. मी करणार नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

त्याची आई, चिमणाबाई, माझ्याच बाकावर बसल्यात. मला सून समजून डबा दिला. त्याने घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं.

आत तो ओरडतो. घसा फुटेपर्यंत. मग थांबतो. मग परत. आज चिमणाबाईंनी देवाला हात जोडले आणि म्हणाल्या, लेकराला असं लोंबकळत ठेवू नको रं. द्यायचा तर दे, न्हायतर सोडव. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

त्यांचा डबा खाल्ला होता मी.

केलं. नव्यावर त्याचं नाव परत घातलं. बटण दाबताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मेल फिरायचा थांबला. नर्सने आत बोलावलं. तो शुद्धीवर होता. शांत. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, येतो गं.

आणि गेला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

धैर्यशीलचा मेल. 'पोचलो.'

रडत बसले. माझ्या मनाला बरंही वाटलं, हे कुणाला सांगू. उत्तर लिहिलं. बरा आहेस का, एवढंच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उत्तर आलं. हितं लई लोक हायत. कुणी बोलत न्हाय. हंबीरराव हाय, पर तोंड भिंतीकडं. हितं जेवायला न्हाय.

दुपारी अजून एक. तू ठेवलंस तसं अधेमधे बरं हुतं. दुखायचं, पर तू दिसायचीस.

मी लिहिलं, मला माफ कर.

संध्याकाळी. येतो म्हटलं हुतं की.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तो निरोप घेत नव्हता. तो सांगत होता.

सकाळी मेल, कोल्हापूर सोडलं. मग, चालत यायलोय. पाय हायत पर जमिनीला लागत न्हाईत. मग, तुझी जागा धरून ठेवलीय.

जुन्यावर माझं नाव बघितलं. 'पावणं — आहे.' अजून 'आहे'. जुना बंद करावा, तर हे 'आहे'ही जाईल. हात लावत नाही. कुणालाच लावू देत नाही. नोकरी गेली खड्ड्यात. उद्या पहाटेची गाडी, नाशिकला, आईकडे. पिशवी भरली.

आक्कांना विचारलं, मेलेलं माणूस दारात आलं तर काय करतात. म्हणाल्या, करायचं काय त्यात, आत बोलवायचं न्हाय, आणि ज्याला न्यायला आलंय ते घरात न्हाय म्हणून सांगायचं. आल्या पावली माघारी जातंय. त्यांनी मला दूध दिलं. माया आहे बाईंना.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गाडी चुकली. जिना उतरलेच नाही. पहाटे मेल होता, कोपऱ्यावर हाय. जिथे तो मला सोडायचा, तो कोपरा.

आक्कांना सांगून ठेवलंय. कोणीही आलं, कितीही गोड बोललं, तरी दार उघडायचं नाही. स्नेहल इथे नाही. काल रात्रीच गेली म्हणून सांगा.

त्या म्हणाल्या, बरं बाई, सांगते.

दुपार. खिडकी लावली. 'पावणं — आहे.' पुन्हा पुन्हा बघतेय. 'आहे.' 'आहे.'

मेल. दारात हाय.

खाली कडी वाजली. एकदाच. आक्का उठल्या. विचारतायत, कोण पावणं? तो काहीतरी बोलतोय. आवाज त्याचाच — हळू — हसतोय —

काय सांगितलं मी आक्कांना? काय शब्द — काल रात्री — नाही, तो नको — आक्का, तो शब्द नका — जिन्यात ओरडले, पण त्यांच्या आवाजापुढे माझा कुठला —

ती गेली म्हणाल्या. मोठ्याने. दोनदा.

पडद्यावर 'पावणं —

आहे पुसलं — मी लिहिते परत — आहे — आहे, आ