एका घराचा परवाना

जालना
रविवार, २७ मे २००७

आदरणीय दादांस,
उत्पलाचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे. याची एक प्रत राजरत्नभाऊंना घनसावंगीला पाठवली आहे. झालं ते असं:

१. काचबिंदूनं आबांची नजर गेली तेव्हा त्यांच्या नावानं, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम घेतला. सीडी एक, परवाने दोन. अट अशी, की दोन्ही संगणक एकाच घरातले हवेत.

२. आई गेल्यावर आष्टीच्या घराला कुलूप लागलं आणि आबांची पाळी सुरू झाली. चार महिने तुमच्याकडे बदनापूरला, चार महिने भाऊंकडे घनसावंगीला, चार महिने माझ्याकडे. एक परवाना तुमच्या संगणकावर घेतला, दुसरा भाऊंच्या. आबा जालन्याला आले की भाऊंकडचा परवाना कंपनीला परत करून माझ्या संगणकावर घ्यायचा, आणि ते निघाले की पुन्हा भाऊंकडे द्यायचा, असं मी ठरवलं होतं. पहिल्या फेरीत ते नीट झालं.

३. पुढे भाऊंनी जुना संगणक विकला. परवाना परत करायचा राहिला. तो त्या संगणकाबरोबर गेला.

४. या महिन्यात तुमचा संगणक हळू चालतो म्हणून तुम्ही तो दुकानात दिला. दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरलं. त्यात दुसरा परवाना पुसला गेला.

५. दुकानदारानं सीडी परत घातली म्हणून प्रोग्रॅम सुरू होतो. पण परवाना नसल्यामुळे तो चाळीस मिनिटं बोलतो आणि थांबतो. संगणक बंद करून सुरू केला की पुन्हा तेवढंच.

६. मी कंपनीला सगळं खरं लिहिलं. त्यांनी विचारलं, की आबांचं घर यांपैकी कोणतं. मी लिहिलं, तिन्ही. त्यांनी कळवलं, की तिन्ही चालणार नाही. ते शेवटचा एक परवाना देतील. तो एकाच संगणकावर राहील, हलवता येणार नाही. त्यासाठी आबांच्या कायमच्या राहण्याचा एक पत्ता, आबांच्या सहीनं, ३० जूनच्या आत त्यांना पोचला पाहिजे.

आष्टीच्या शाळेतल्या शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांसाठी आबा अजून गणितं तयार करून पाठवतात. नोकरी संपली, नजर गेली, आई गेली. हे एक काम त्यांच्याकडे उरलं आहे. वहिनी परवा सांगत होत्या, की एक गणित टाइप करता करता मधेच आवाज बंद पडला. आबांना वाटलं लाईट गेली. ते तसेच हात मांडीवर ठेवून लाईट येण्याची वाट बघत बसले. वहिनी आत आल्या तेव्हा डोक्यावर पंखा चालू होता. आबांनी मग विचारलं, की पंख्याची लाईट वेगळी असते का.

आता ठरवायचं ते एवढंच, की आबा कुठे राहतील. तुमचं मत कळवावं.

वहिनींना जयभीम. सर्वांची आठवण आहे.

तुमची बहीण
उत्पला


बदनापूर
ता. ३ जून २००७

चि. उत्पला हिस,
साहेबरावचा जयभीम आणि आशीर्वाद. नंबर टाकलेलं पत्र मिळालं. ऑफिसात मेमो यावा तसं वाटलं. तुझी वहिनी म्हणली, सातव्या नंबरला खुलासा सादर करावा एवढंच लिहायचं राह्यलं. खुलासा असा, की मला त्यातलं काही कळत न्हाई, आणि दुकानदार बराबर करून देतो म्हणला म्हणून दिला.

पण एक गोष्ट मला समजून न्हाई राह्यली. सीडी आपली. पावती आबाच्या नावाची. आपण दोन भाऊ आणि एक बहीण, तिघं मिळून एक घर. मंग ती सीडी तिघांकडं चालली तर कंपनीचं काय गेलं? आपण लोखंडी कपाट घेतलं, तर विकणारा म्हणतो का, की या खोलीतून त्या खोलीत न्यायचं न्हाई? आमचं घर कोणतं हे आम्हाला इचारणारे हे कोण?

दुकानदार म्हणाला की कुलूप तोडलेली सीडी मिळती, कितीबी ठिकाणी टाका, बिलकुल बंद पडत न्हाई. मी जल्दी आणायलाच निघाल्तो. आबानं इचारलं, की त्याच्यावर नाव कुणाचं राहील. मी म्हणलो, कुणाचंच न्हाई. तर म्हणले, मंग राहू दे, माझी चाळीस मिनिटं बरी.

आता पत्त्याचं. थोरला मी आहे, तवा बदनापूरचा लिहावा. राजरत्नानं कार्ड टाकलं, दादा म्हणंल ते. पण त्याच्या घरचीनं खाली आपल्या हातानं एक ओळ लिहिली, की पाळी मोडली तर आष्टीची माणसं म्हणतील धाकट्यानं बापाला टाकलं. तिचं बी खोटं न्हाई. पाळी आपण लावली कशाला? कुणी कुणाला बोट दाखवू नये म्हणूनच.

तुझ्या मनात जालना असंल तर एक बोलतो, राग धरू नको. तू भाड्याच्या दोन खोल्यांत राहती. उद्या लग्न होईल, नोकरी बदलंल. मंग तो न हलणारा परवाना कुठं ठेवशील, आणि आबाला कुठं?

आबाची तब्येत बरी आहे. बोलणं कमी झालंय. तुझं पत्र वाचून दाखवलं तर सहावा नंबर पुन्हा वाचायला लावला. मंग उठून गेले.

इकडं येऊन जा. लहानी आहेस, लहान्यासारखं भांडत जा, असं कागदावर नको.

तुझा
दादा


बदनापूर
ता. ८ जून २००७

प्रिय उत्पला,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. आबा सांगतात आणि मी, तुझी बेबीनंदा वहिनी, लिहून घेते. त्यांची सक्त ताकीद आहे, की सुनेनं यात मीठमिरची घालू नये. म्हणून इथून खाली त्यांचे शब्द.

बाळ, तुझं सहावं कलम मी दोनदा ऐकलं. तुमचं घर कोणतं, हे त्या कंपनीच्या माणसानं विचारलं. मला न बघता विचारलं. तुम्ही तिघं मला रोज बघता, पण तुम्ही पाळीच्या तारखा ठरवल्या आणि मला कळवल्या. मी हो म्हणालो, त्यामुळे दोष देत नाही. तुमची आई गेली त्या महिन्यात मी कशालाही हो म्हणालो असतो.

साहेबराव मला काही कमी पडू देत नाही. राजरत्नाकडेही पडलं नाही, तुझ्याकडेही नाही. पण एका घरात न्हाणी उजवीकडे, दुसऱ्यात मागच्या अंगाला, आणि तुझ्याकडे जिना. पाण्याचा माठ कुठे, चप्पल कुठे, दार आत उघडतं की बाहेर, हे हाताला समजायला वेळ लागतो. हात शिकतो न शिकतो तोच पाळी संपते, आणि पुढच्या घरात मी पुन्हा भिंत धरून चालायला लागतो. डोळे गेले तेव्हा मी एकदा आंधळा झालो. आता दर चार महिन्यांनी होतो.

आष्टीचं घर मी बांधलं. डोळे होते तेव्हाही लाईट गेली की त्या घरात मी कंदील न घेता फिरत असे. भिंतीला भिंत लागून तुमची चांगुणाबाई चुलती राहते. दोन्ही वेळची भाकर देईन, असं ती आई गेली तेव्हापासून म्हणते आहे. कुणी तिला होही म्हटलं नाही आणि नाहीही. शाळा जवळ आहे. गणित चुकलं की पोरं उठून माझ्याकडे येतील. इथे मी चूक पोस्टानं ऐकतो.

तेव्हा पत्ता आष्टीचा लिही.

तुम्ही म्हणाल, नजर नसलेला माणूस एकटा कसा राहील. दिवसा राहीन. रात्री कुणीतरी असावं, हे मलाही पटतं. त्यासाठी पाळी लावायचीच असेल तर आता तुमची लावा. मी घरं बदलणार नाही. तुम्ही या.

खाली सही माझी आहे. बेबीनंदानं बोट धरून जागा दाखवली.

संपत

आता माझं चार ओळी मीठमिरची. आबा हे सांगत होते तेव्हा तुझे दादा दारात उभे होते. मंग बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले, ती सकाळीच पुसून झाल्ती. मला वाटलं, माझ्याच करण्यात काही कमी पडलं म्हणून आबा निघाले. तसं मी त्यांना बोलून दाखवलं. तर हसून म्हणले, तुझ्या हातची आमटी डब्यात घालून आष्टीला येती, पण आष्टीची न्हाणी इकडं येत न्हाई. हसले खरं, पण मला रडू आलं. तुलाही वाईट वाटंल हे मला ठाऊक आहे. तू सांगणार न्हाईस, हेही ठाऊक आहे.

तुझी
बेबीनंदा वहिनी


जालना
बुधवार, १३ जून २००७

आदरणीय दादा आणि राजरत्नभाऊ यांस,
उत्पलाचा सविनय जयभीम. वि. वि. दोघांना एकच मजकूर पाठवते आहे. भाऊंच्या पाकिटात आबांच्या पत्राची प्रत आहे. ती भाऊंनी घनसावंगीच्या वहिनींनाही वाचायला द्यावी. आबांनी कुणालाही टाकलेलं नाही आणि आबांना कुणी टाकलेलं नाही, हे त्यात आबांच्याच शब्दांत आहे.

अर्जावर पत्त्याच्या ओळीत मी जालन्याचा पत्ता पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. तो खोडला आणि आष्टीचा शाईनं लिहिला. दादांनी माझ्या भाड्याच्या खोल्यांबद्दल लिहिलं, ते मला लागलं. पण ते खरं होतं. आबा माझ्याकडे चार महिने होते तेव्हा जिन्याच्या तोंडाशी थांबत आणि मी येण्याची वाट बघत. त्यांना माझी वाट बघायला आवडतं, असं मी समजत होते.

दादांचा कपाटाचा प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर देते. कपाट आपण विकत घेतो. या सीडीत आपण विकत घेतली ती परवानगी, एका माणसानं एका घरात वापरण्याची. ती अट मी पहिल्या दिवशी वाचली होती. आपली घरं तीन, म्हणून परवाना इकडून तिकडे फिरवत राहायचं, एवढाच मार्ग मी काढला. आबाही त्याच्याबरोबर फिरत होते, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

मी रविवारी आष्टीला जाऊन आले. कुलूप गंजलं होतं, तेल सोडल्यावर उघडलं. चांगुणाकाकूंनी आणि मी घर झाडलं. आबांचं टेबल होतं त्याच जागी, खिडकीखाली आहे; सामान कुठेही हलवलेलं नाही आणि कुणी हलवू नये. काकूंना भाकरीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेली तिघं मिळून इतके दिवस काय मोजत होता, आणि पीठ मळायला गेल्या.

माझा संगणक आष्टीला राहील, परवाना त्याच्यावर येईल. लोडशेडिंगसाठी बॅटरी लावून घेतली आहे. तो संगणक दुरुस्तीलाही मला विचारल्याशिवाय देऊ नये. सीडी आता दुसरीकडे कुठे घालायची नाही. येत्या रविवारी मी बदनापूरला येऊन अर्जावर आबांची सही घेईन. पत्ता त्यांना वाचून दाखवीन, मगच सही.

राहिला प्रश्न रात्रींचा. शुक्रवार आणि शनिवारची रात्र मी आष्टीला राहीन. दादांना रेल्वेनं परतूरपर्यंत येऊन पुढे जीप धरावी लागेल, भाऊंना घनसावंगीहून जीप बदलत यावं लागेल. त्रास आहे, तो मला दिसतो. बाकीच्या रात्री तुमच्या दोघांच्या. कोणती कुणाची, हे मी ठरवणार नाही. अर्जावर पत्त्याखाली दुसरा रकाना आहे: वापरणाऱ्याबरोबर त्या घरी कोण राहतं. आज तिथे माझं एकटीचं नाव आहे.

दोघांनी आपापले वार मला बुधवार, २० जूनपर्यंत लिहून कळवावेत.

मोठ्यांची माया धाकटीवर आहे तशी राहावी.

आपली
उत्पला