जानकीचा राहिलेला पेपर

बोरीवली,
१७ ऑक्टोबर १९५४

प्रिय सुलक्षणा,

तुझं आणि नानांचं पत्र एकाच पाकिटातून मिळालं. तुझ्या चार ओळी मी कितीदा तरी वाचल्या. माझी प्रकृती कशी आहे, असं विचारलं आहेस. बरी आहे. उत्तराला उशीर झाला, कारण इथे सहामाही परीक्षा चालू होत्या आणि यंदा त्यात एक घोटाळा होऊन बसला. तोच तुला सांगायचा आहे.

माझ्या आठवीच्या वर्गात जानकी नावाची मुलगी आहे. दहिसरला चाळीत राहते. तिचे वडील गुणाजी, मालवणकडचे, कांदिवलीच्या एका कारखान्यात कामाला आहेत. मुलीचा हात असा आहे की तिने फळ्यावर काढलेली बैलजोडी पुसायची माझ्या जिवावर येते. तिने यंदा सरकारी चित्रकलेच्या परीक्षेला नाव दिलं होतं. ती परीक्षा आली नेमकी मंगळवारी, आणि आमचा गणिताचा पेपरही त्याच दिवशी, त्याच वेळेला. हेडमास्तर म्हणाले, चित्रकला पुढच्या वर्षी देईल, गणित बुडवून कसं चालेल? हे ऐकून गुणाजी रजा काढून शाळेत आले. मला म्हणाले, "बाई, फुडल्या वर्सा ती शाळेत आसात की नाय, माका म्हायत नाय."

मी पुन्हा हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, मंगळवारी तिला चित्रकलेला जाऊ द्या, गणित बुधवारी सकाळी घेऊ. त्यांनी विचारलं, आणि पेपर फुटला तर? त्यांचंही खोटं नव्हतं. वर्गातल्या दोघीजणी जानकीच्याच चाळीत राहतात. तेव्हा मी म्हणून गेले, मधल्या वेळात ती माझ्या घरी राहील, कुणाला भेटणार नाही. बोलले खरी, पण वर्गाकडे जाताना लक्षात आलं, माझ्या खोलीत माझ्याशिवाय आजवर कुणी राहिलेलंच नाही.

तूसुद्धा ही खोली पाहिलेली नाहीस. दर मे महिन्यात मीच सांगलीला येते, पाहुणीसारखी. इथे मागच्या बाजूला भातशेती आहे, पुढे विहीर. शाळेतून येऊन कुलूप काढलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात जाईपर्यंत बोलायचं काम पडत नाही. शेजारच्या शेवंतीबाई दूध घेताना दोन शब्द बोलतात, तेवढंच. कधी कधी सकाळी पहिल्या तासाला माझा आवाज घोगरा निघतो, आणि मुलींना वाटतं, बाईंना सर्दी झाली.

मंगळवारी परीक्षा संपल्यावर जानकीला मीच घेऊन आले. बोटांना अजून हिरवा रंग होता. दोघींना भात किती लागतो याचा अंदाज येईना, पातेलंभर करून ठेवला. ती खाली मान घालून जेवली. घर आठवत असावं. जेवण झाल्यावर भिंतीवरच्या तुझ्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली, तो परकर-पोलक्यातला. "बाई, ही कोण?" म्हटलं, माझी मुलगी. "कुठे असते?" सांगलीला, आजी-आजोबांकडे. "का?"

मी म्हटलं, अभ्यासाला बस, उद्या पेपर आहे.

तिला दिलं नाही ते उत्तर तुला द्यायला हवं. तुझे बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, पण तिथल्या वसतिगृहात मूल ठेवून घेत नसत. नाना म्हणाले, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, सुलू इथे राहील. त्यांनी तुला जिवापाड सांभाळलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मग इथे नोकरी लागली, पण राहायला जागा मिळेना. जागा मिळाली तेव्हा तू आजीला सोडायला तयार नव्हतीस. मग तुझी शाळा सुरू झाली. दर वेळी आम्ही मोठी माणसं ओसरीवर बसून ठरवत होतो, आणि तू अंगणात खेळत असायचीस.

बुधवारी सकाळी जानकीची वेणी घालायला घेतली. ती हळूच म्हणाली, "आई याच्याहून घट्ट घालते." सोडून पुन्हा घातली. शाळेत तिला वेगळ्या खोलीत बसवून पेपर दिला, आणि तो होईपर्यंत मी समोर बसून राहिले. सुटली तेव्हा तिची आई फाटकाशी उभी होती. मुलगी धावत गेली ती मागे वळून न बघता. तसंच जायला हवं. त्या संध्याकाळी मला घरी जावंसं वाटेना. स्टेशनापर्यंत उगीच चालत गेले आणि परत आले. गणितात ती पास झाली आहे, चित्रकलेचा निकाल यायचा आहे.

आता नानांच्या पत्राचं. एप्रिलमध्ये तुझी सातवी संपेल. पुढे तुला सांगलीलाच ठेवायचं की माझ्याकडे पाठवायचं, हे त्यांनी आणि मी मिळून ठरवावं असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही, आधी तुला लिहिते आहे. आमच्या शाळेत आठवीत जागा आहे. इथे आजी नाही, तुझ्या मैत्रिणी नाहीत, आणि मला तुझ्या आवडीनिवडीही नीट माहीत नाहीत. यावंसं वाटलं तर तसं लिही. नाही वाटलं तर तेही लिही, मी नेहमीसारखी मे महिन्यात येईन आणि मनात काही धरणार नाही. हवा तेवढा वेळ घे. मागे तुला कुणी विचारलं नव्हतं, सुलू. मीही नाही. म्हणून आज विचारते आहे.

तुझीच,
आई