डोणीतला उजेड

ती. सर,

की 'प्रिय सर'? एवढ्या एका प्रश्नात दोन कागद फुकट गेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, निर्मलाबाई, कागद टाकू नका, मागची बाजू कोरी आहे. म्हणून मागच्या बाजूवरच लिहितेय.

तुमचं तेरावं होऊन महिना झाला. तेव्हा मी चांगली रडले होते. आज लिहायला बसलेय ती रडू येतंय म्हणून नव्हे, राग आलाय म्हणून. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग जिवंतपणी कळू द्यायचं होतंत ना!

काल काकूंचा निरोप आला, क्लासातली जुनी चित्रं माळ्यावर पडलीत, ज्याची त्याने घेऊन जावीत. मी गेले. काकूंनी कोकम सरबत केलं. तुमच्या आठवणी निघाल्या, आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अगो, तुझ्या त्या डोणीच्या चित्रापायी ह्यांनी दोन दुपारी घालवल्या. पाण्यातला उजेड काही मनासारखा उतरेना. जेवण गार होऊन गेलं, मी किती बडबडले होते!"

त्या अगदी कौतुकाने सांगत होत्या. मला माहीत असणारच, असं त्यांनी धरलं होतं. मी पेला खाली ठेवला आणि "हो ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सर, तो उजेड तुमचा होता?

तुमच्या क्लासला आले तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. बँकेत कॅशला बसायचे आणि गिऱ्हाईक नसलं की स्लिपांच्या पाठीमागे बोटी काढायचे. तुम्ही शाळेतल्या चित्रकलेच्या नोकरीतून निवृत्त होऊन आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये रविवारचा क्लास काढलात. चार खुर्च्या, बाकीचे आम्ही उपड्या पेट्यांवर. सगळीकडे पेंढ्याचा वास. आंबा सुरू झाला की क्लास बंद, पेट्या मुंबईला गेल्या की परत सुरू. तेलरंग आपल्याकडच्या दमट हवेत वाळता वाळत नाहीत, म्हणून तुम्ही ॲक्रिलिक आणलंत. ते उलट इतकं भराभर वाळायचं की मी घरून इस्त्रीचा पाण्याचा फवारा आणून रंगांवर मारत बसायचे. तुम्ही किती हसला होतात!

पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, चुकलं तर घाबरायचं नाही. वाळू द्यायचं आणि वरून पुन्हा रंगवायचं. खालचं कोणाला दिसत नाही. आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला चुकायची परवानगी देत होतं. मी ते वाक्य घरी येऊन ह्यांनाही सांगितलं.

दुसऱ्या वर्षी मी आमच्या मागच्या दारची डोण काढली. विहिरीला लागून असलेली, पाणी साठवायची ती दगडी डोण, तिच्यातलं पाणी, कडेचं शेवाळ, वर फणसाची फांदी. आठ रविवार लागले. पाणी मला जमलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. काळपट, हिरवट, मुकं. तुम्ही ते बघून "हं" म्हणालात आणि पुढच्या पेटीकडे गेलात.

मग प्रदर्शन ठरलं. वार्निश आणि फ्रेमसाठी तुम्ही सगळ्यांची चित्रं पंधरा दिवस ठेवून घेतलीत. हॉलमध्ये माझं चित्र बघितलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पाण्यावर उन्हाची एक तिरीप पडलेली, अशी की हात घालावासा वाटावा! माझ्याआधी दोघी बायका तिथेच उभ्या होत्या आणि तेच म्हणत होत्या. मी तुम्हाला विचारलं, सर, हे असं कसं झालं? तुम्ही म्हणालात, "वार्निशने खालचा रंग वर येतो."

खोटं बोललात, सर! माझ्या तोंडावर, न अडखळता.

तरी तेही मी गिळलं असतं. क्षणभर मला शंका आली होती, हेही आज कबूल करते. माझ्या हातातून असा फटकारा कधी गेल्याचं आठवत नव्हतं. पण तेवढ्यात कोणीतरी अभिनंदन केलं आणि मी शंका पदराखाली झाकली. कौतुक कोणाला नको असतं?

पण मार्चच्या आधीचा तो रविवार मात्र मी विसरणार नाही. बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती, अर्जाची मुदत मार्चपर्यंत. हे नको म्हणत होते, मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी क्लास संपल्यावर मागे थांबले, तुमचे ब्रश धुऊ लागले आणि विचारलं, सर, घेऊ का? खरंच काही आहे का माझ्यात? तुम्ही पंचाला हात पुसलेत. "घ्या," म्हणालात. "त्या डोणीतला उजेड ज्या हाताने काढला, तो हात नोटा मोजण्यासाठी नाही."

कोणाच्या हाताबद्दल बोलत होतात, सर?

मी अर्ज दिला. घरात महिनाभर अबोला होता. तो सोसला, कारण तुमचं वाक्य माझ्यापाशी होतं.

त्यानंतरची पाच वर्षं तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. रोज सकाळी घरातलं आवरून मी बसायचे. किती डोणी काढल्या, भाट्याची खाडी काढली, घागरीतलं पाणी काढलं. तो उजेड पुन्हा आला नाही. मी रडकुंडीला येऊन चित्रं तुमच्याकडे आणायचे आणि तुम्ही म्हणायचात, येईल हो, एकदा आलाय ना! मी स्वतःला दोष देत राहिले. देवाने दिलेलं आपण घालवलं, आळस केला, गर्व केला, म्हणून हात गेला असं वाटायचं. जे माझं कधी नव्हतंच ते हरवल्याचं दुःख मी पाच वर्षं केलं, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात!

काल काकू आत गेल्या तशी मी माळ्यावरून काढलेला गठ्ठा सोडला. डॉक्टरीणबाईंची होडी, पोस्टातल्या साळवींची भातशेती, कोणाची पडवी. प्रत्येकात डाव्या बाजूने येणारी तीच पिवळसर तिरीप! एकाच सूर्याने आम्हा सगळ्यांना गाठलं होतं.

मग मला माझी शाळा आठवली. तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी चित्रकलेचे मास्तर वर्गाची चित्रं घेऊन बसायचे. कोणाच्या होडीला शीड, कोणाच्या गाईला राहिलेला चौथा पाय. त्याला 'शेवटचा हात' म्हणत. साहेब खूश, हेडमास्तर खूश, पोरंही खूश. तुम्हीही शाळेत पस्तीस वर्षं तेच करत आलात, आणि क्लासातही. मी निघताना काकू म्हणाल्या, "हे म्हणायचे, बिचारीला धीर यायला हवा." तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण आम्ही सहावी ब नव्हतो, सर. आणि मी तुम्हाला धीर मागितला नव्हता, खरं काय ते विचारलं होतं.

आज सकाळीच मी ते चित्र भिंतीवरून काढलं आणि मागच्या दारी नेलं. डोण आहे तशीच आहे. रहाट जाऊन पंप आला, एवढंच. चित्र मांडीवर घेऊन मी समोर बसले. खूप वर्षांनी बसले. इतके दिवस मी तुमची तिरीप गिरवत होते, डोणीकडे बघतच नव्हते.

बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. सर, त्या पाण्यावर ऊन पडतच नाही! वर फणस आहे. दिवसभर ते पाणी काळपट, हिरवट आणि मुकंच असतं.

मग माझ्या चित्रात चुकलं काय होतं? तुम्ही एकदा तरी येऊन डोण बघायची होतीत. दहा मिनिटांच्या वाटेवर घर आमचं.

तुम्ही शिकवलेलं मी विसरणार नाही. ब्रश कसा धरायचा, रंगात पाणी किती घालायचं, सगळं तुमचंच आहे, आणि ते तुमच्या नावाने सांगेन. पण उद्या सकाळी फवारा घेऊन मी डोणीपाशी बसणार आहे. वार्निश घासून काढणार आणि तुमच्या उजेडावर माझं पाणी रंगवणार. बिघडलं तर बिघडू दे, ते माझ्या हातून बिघडेल. खालचं कोणाला दिसणार नाही, काळजी करू नका. एवढं वचन देते, या चित्रावर शेवटचा हात माझा असेल.

तुमच्यावर रागावलेली,
तुमची विद्यार्थिनी
निर्मला